उचललं, पण उडालं नाही

हेलिकॉप्टरचे स्किड, म्हणजे ज्यांवर ते टेकतं त्या खालच्या नळ्या, जमिनीवरून सुटले की बघणाऱ्याला वाटतं, उडालं. वैमानिकाच्या लेखी मात्र तेव्हा कुठे वजन करायला सुरुवात झालेली असते. व्हिएतनाम युद्धात ह्यूई, म्हणजे यूएच-१ जातीचं हेलिकॉप्टर, माणसं भरून झाली की आधी जेमतेम मीटरभर उचलायचं आणि तिथेच धरून ठेवायचं, अशी पद्धत होती. तेवढ्या पाच-सात सेकंदांत नजर एका डायलवर. टर्बाइनला हवा दाबून पुरवणारा जो भाग असतो, गॅस प्रोड्यूसर, त्याचे फेरे किती टक्क्यांवर गेलेत? पॅनेलवर एक आकडा लावलेला असे. हे इंजिन आजच्या तापमानाला, या उंचीवर जास्तीत जास्त किती देईल, त्यातून थोडं राखीव वजा करून काढलेला. त्याला म्हणत ‘गो-नो-गो’. नुसतं मीटरभर अधांतरी राहायलाच काटा त्या आकड्याला भिडत असेल, तर पुढच्या झाडांवरून जायला गाठीशी काही उरलेलं नाही. अशा वेळी खाली टेकायचं आणि काहीतरी उतरवायचं.

नियम इतका सोपा होता. तो पाळला न गेल्याने जी हेलिकॉप्टर टेकऑफच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात गेली, त्यांच्याबद्दल युद्धाच्या गोष्टींमध्ये फारसं कोणी बोलत नाही. व्हिएतनाममध्ये सुमारे १२,००० अमेरिकी हेलिकॉप्टर वापरली गेली आणि त्यातली ५,००० हून अधिक नष्ट झाली. साधारण निम्म्यांच्या बाबतीत शत्रूच्या गोळीचा संबंध नव्हता. धुकं, डोंगर, तारा, एकमेकांशी टक्कर, इंजिनाचा बिघाड, आणि हे: भरलेलं यंत्र उचललं गेलं, पण उडालं नाही.

आता वजनाचा हिशेब मांडू. यूएच-१एच हे त्या युद्धातलं उशिरा आलेलं आणि ताकदवान ह्यूई, १९६७ पासूनचं. रिकामं असताना साधारण २,३६० किलो, कमाल परवानगी सुमारे ४,३१० किलो. म्हणजे हातात १,९५० किलो. त्यात चार जणांचा क्रू: दोन वैमानिक, यंत्राची देखभाल बघणारा क्रू चीफ, मशीनगन चालवणारा गनर. छातीवरच्या चिलखतासकट प्रत्येकी ११० धरले तर ४४० किलो. पूर्ण भरलेली टाकी ८३० लिटरची, त्या इंधनाचे ६५० किलो. दारांतल्या दोन एम-६० मशीनगन, त्यांचे स्टँड आणि काही हजार गोळ्या, दीडशे किलो. उरले सातशे. पाठीवरची पिशवी, पाणी, दारूगोळा धरून अमेरिकी पायदळ सैनिक शंभरच्या पुढेच भरायचा. सहा जण, ओढूनताणून सात.

आणि मागच्या भागात बसायच्या जागा होत्या अकरा.

माझ्या मते या यंत्राचा सगळ्यात घातक भाग कुठला असेल, तर ती जागा. जागा दिसली की माणूस बसतो. वाहतूक मागणारा पायदळाचा अधिकारी जागा मोजतो, वैमानिक किलो मोजतो. शिवाय किलो मोजायला जंगलात काटा नसतो. क्रू चीफ डोळ्याने अंदाज घेतो. हा सडपातळ, तो धिप्पाड, त्याच्याकडे रेडिओ आहे, त्याच्या पिशवीला तोफगोळे बांधलेत. ८१ मिलिमीटर उखळी तोफेचा एक गोळा चार किलोचा, पाण्याचा एक कॅन वीस किलोचा. पाऊस पडून गेला असेल तर कपडे, बूट, पिशव्या सगळं ओलं, आणि फरशीवर चिखल. दक्षिण व्हिएतनामी सैनिक अंगाने हलके, त्यांच्या नऊ-दहा जणांना उचलायची सवय लागलेला वैमानिक दुसऱ्या दिवशी अमेरिकी तुकडीपुढे उभा राहिला, तर त्याचा अंदाज चुकायचाच. टाकी अर्धीच भरून निघणं हा त्यावरचा रोजचा तोडगा होता. तीनशे किलो वाचतात, पण मग वाटेतला प्रत्येक वळसा इंधनातून वजा होतो.

हा झाला कागदावरचा हिशेब, आणि कागद थंड असतो. प्लेकू हे व्हिएतनामच्या मध्यवर्ती पठारावरचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, तिथे तापमान दहा अंशांच्या आसपास असायला हवं. उन्हाळ्याच्या दुपारी ते ३२ असतं. प्रमाणापेक्षा प्रत्येक अंश जास्त म्हणजे हवेच्या दृष्टीने साधारण ३६ मीटर वर चढल्यासारखं. बावीस अंशांचे झाले आठशे मीटर. जमिनीवर उभं असलेलं हेलिकॉप्टर पंख्यांपुरतं दीड हजार मीटरच्या वर पोचलेलं असतं. तिथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा चौदा टक्क्यांनी विरळ. पात्यांना धरायला कमी हवा, टर्बाइनला ओढायला कमी हवा, दोन्हीकडून तोटा.

यूएच-१एचचं इंजिन १,४०० अश्वशक्तीचं होतं, पण गिअरबॉक्सला सोसायचे १,१००च. वरचे तीनशे वाया गेले असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तेच कामाचे. गरम पठारावर इंजिन दमलं तरी अकराशेपर्यंत पोचायला त्याला वाव राहायचा. आधीच्या यूएच-१डीला इंजिनच १,१०० चं, त्यामुळे ते दमलं की थेट तूट. त्यात लाल जांभ्याची धूळ. धूळ खाऊन कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजतात, आणि झिजलेलं इंजिन पुस्तकातल्या आलेखावर कुठेच नसतं. म्हणून तर मीटरभरावर धरून बघायचं. आलेख कारखान्यातल्या नव्या इंजिनाबद्दल सांगतो, काटा या इंजिनाबद्दल.

मग एवढं जड हेलिकॉप्टर मुळात उचललं तरी कसं जातं? इथे फसगत आहे, आणि तीच माणसं मारते.

पंखा हवा खाली ढकलतो. जमीन जवळ असली की ती हवा मोकळेपणी खाली जाऊ शकत नाही, बाजूंना पसरते, आणि तेवढीच उचल कमी ताकदीत मिळते. ह्यूईच्या पंख्याचा व्यास १४.६३ मीटर. जमिनीपासून साधारण तेवढ्या उंचीपर्यंत हा आधार थोडाफार मिळतो, निम्म्या उंचीच्या खाली चांगला. कडक, सपाट जमीन असेल तर उत्तम. उंच गवतावर, उतारावर, पाण्यावर तो मऊ पडतो. मीटरभरावर उभं असलेलं हेलिकॉप्टर स्वतःच्या जोरावर नसतं. ते या गादीवर बसलेलं असतं.

पुढे निघायचं म्हणजे गादीवरून घसरायचं. सायक्लिक, म्हणजे पंखा हव्या त्या दिशेला झुकवणारी दांडी, पुढे केला की पंख्याची ओढ थोडी पुढे झुकते, वर धरणारा भाग तेवढा कमी होतो, आणि हेलिकॉप्टर खचतं. थोडंच, पण पोटात जाणवतं. वेग ताशी तीस ते पंचेचाळीस किलोमीटरच्या दरम्यान गेला की सगळं यंत्र थरथरतं आणि एकदम हलकं होतं, कारण पंख्याला आता समोरून न ढवळलेली, ताजी हवा मिळू लागते. त्या थरथरीच्या अलीकडे गादी सुटलेली असते आणि पलीकडची मदत अजून हाती आलेली नसते. या मधल्या पट्ट्यात खचणं आलं की हात काय करतो? डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा, वर ओढतो. खाली चाललोय, वर ओढ. सगळ्यांत स्वाभाविक हालचाल, आणि ताकद संपलेली असेल तर सगळ्यांत वाईट.

कलेक्टिव्ह ओढला की पात्यांचा कोन वाढतो, त्यांना फिरवायला जास्त जोर लागतो. इंजिनाकडे तो नसेल तर फेरे गळायला लागतात. पंख्याचे मिनिटाला ३२४ फेरे हवेत. ते ३०० च्या आसपास आले की हेडफोनमध्ये भोंगा सुरू होतो आणि समोर दिवा लागतो. ३२४ चे ३०० म्हणजे फेरे सात टक्क्यांनी कमी, पण पात्यांचा कोन तोच धरला तर उचल कमी होते चौदा टक्क्यांनी, कारण ती फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. चार टनांच्या यंत्राच्या उचलीतले साडेपाचशे-सहाशे किलो दोन सेकंदांत गायब. खचणं वाढतं. हात अजून ओढतो.

शेपटीचा पंखा त्याच गिअरबॉक्सला जोडलेला, त्याचेही फेरे त्याच प्रमाणात गळतात, त्याचाही जोर चौदा टक्के उतरतो. मुख्य पंखा मात्र इंजिनाकडून जे काही मिळेल ते सगळं खेचत असतो, म्हणजे सांगाड्याला उलट फिरवणारा पीळ पुरेपूर असतो. शेपटीच्या पंख्याने तो पीळ आवरायला वैमानिकाचा डावा पाय पेडल टोकापर्यंत दाबतो. पेडल संपतं, आणि नाक उजवीकडे फिरायला लागतं. समोर मोकळं आकाश धरून निघालेलं हेलिकॉप्टर आडवं होत झाडांच्या रांगेकडे वळतं. बाहेरून बघणारा म्हणतो, कंट्रोल सुटला. कंट्रोल सगळे जागेवर होते. त्यांना पुरवायला ताकद नव्हती.

यातून सुटायची युक्ती होती आणि जुने वैमानिक ती करायचे. कलेक्टिव्ह किंचित खाली सोडायचा, फेरे परत येऊ द्यायचे, मग पुन्हा थोडा घ्यायचा. डावं पेडलही जरा सैल करायचं. शेपटीचा पंखा इंजिनाची दहा टक्क्यांच्या आसपास ताकद खातो, त्यातली थोडी मुख्य पंख्याला मिळते, नाक थोडं उजवीकडे गेलं तर जाऊ द्यायचं. हे वाचायला ठीक. झाडं समोर, जमीन चार मीटरवर, कानात भोंगा, आणि अशा वेळी कलेक्टिव्ह *खाली* सोडायचा! त्या खुर्चीत बऱ्याचदा विशीतला वॉरंट ऑफिसर असायचा. टेक्सासातल्या फोर्ट वोल्टर्सला आणि अलाबामातल्या फोर्ट रकरला मिळून दोनशेच्या आसपास तास उडून आलेला. रकर जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि शिकताना मागे सात सशस्त्र माणसं नसतात. त्याला ओझं काय असतं हे कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. हाताला माहीत नव्हतं.

धावपट्टी असेल तर आणखी एक मार्ग. उचलायचंच नाही, स्किडवर घसरत वेग घ्यायचा आणि थरथर आली की सुटायचं. लोखंडी जाळीच्या पत्र्यांवर किंवा कडक जांभ्यावर हे जमायचं. पण पत्र्याची एखादी कडा वर आलेली असली, किंवा पावसाळ्यात एका बाजूचा स्किड चिखलात रुतलेला असला, तर वेगळाच प्रकार. अडकलेला स्किड बिजागरी होतो. एक बाजू उचलली गेली, दुसरी धरलेली, आणि हेलिकॉप्टर त्या बिजागरीभोवती कलंडायला लागतं. पंधरा अंशांच्या आसपास किंवा त्याआधीच अशी वेळ येते की सायक्लिक विरुद्ध बाजूला पूर्ण दाबूनही ते परत येत नाही. तेव्हाही उपाय तोच, कलेक्टिव्ह खाली. दीड-दोन सेकंदांचा मामला. पाती जमिनीला लागली की उरलेलं सगळं पात्यांच्या हातात.

लढाईतली उतरायची जागा या सगळ्या अडचणी एकत्र आणते. हेलिकॉप्टर रांगेने येतात आणि रांगेने निघतात. पहिल्याला स्वच्छ हवा मिळते. पाचव्याला पुढच्या चौघांनी खाली ढकललेली, घुसळलेली हवा आणि त्यांनीच उडवलेली धूळ. सारखंच वजन, सारखंच इंजिन, पण पहिला सहज जातो आणि पाचवा झाडांच्या शेंड्याला लागतो. वाऱ्याकडे तोंड करून निघावं हे खरं, पण वाऱ्याच्या बाजूला गोळीबार असेल तर पाठीवर वारा घेऊन निघावं लागतं, आणि मग ती मदतीची थरथर आणखी शंभर मीटर पुढे सरकते. जंगलात झाडं पाडून केलेल्या भोकात तर पुढे जायला जागाच नसते. तीस-चाळीस मीटर सरळ वर, गादीशिवाय, निव्वळ ताकदीवर. त्या चढणीत इंजिन बंद पडलं तर पंखा नुसत्या पडण्याच्या वेगावर फिरता ठेवून उतरायची सोयही नाही. काही मीटरपासून शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत, वेग नसताना, ती पळवाट बंद असते. कोणाच्या खांद्यावरून सुटलेला पोंचो, म्हणजे पावसाळी अंगरखा, पंख्यात ओढला जाणं हे या मानाने क्षुल्लक वाटेल, पण त्यानेही हेलिकॉप्टर पडायची.

आणि अशा जागी मीटरभरावर थांबून काटा वाचायला पाच-सात सेकंद कोण देणार? उखळी तोफेचे गोळे पडत असताना उभं राहणं हाही धोकाच. वैमानिक बेफिकीर होते असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्यासमोर दोन धोके होते, एक ऐकू येणारा आणि एक डायलवर दिसणारा. ऐकू येणारा जिंकायचा.

दहा-पंधरा मीटरवरून पडणं मरण्यासारखं असेलच असं नाही. बऱ्याच ह्यूईंच्या सांगाड्यात माणूस वाचण्याइतकी जागा शिल्लक राहायची. पण मागच्या सैनिकांना पट्टे नसायचे. वजन आणि वेळ वाचवायला आसनं काढून टाकलेली, दारं उघडी, माणसं फरशीवर, पाय बाहेर. यंत्र आडवं झालं की ती पात्यांच्या बाजूला फेकली जायची. जी आत राहायची त्यांच्यापुढे आग. जेपी-४ हे इंधन म्हणजे ढोबळमानाने पेट्रोल आणि रॉकेलचं मिश्रण, गार हवेतही ठिणगीला धरणारं. टाकी फाटली, गरम इंजिनावर सांडलं, की काही सेकंद मिळायचे. गिअरबॉक्सच्या कवचात मॅग्नेशियमचा मिश्रधातू, तो पांढराशुभ्र जळतो आणि पाण्याने विझत नाही. १९७० पासून ह्यूईंमध्ये न फाटणाऱ्या टाक्या आणि ओढ बसताच आपोआप बंद होणारे जोड बसवायला सुरुवात झाली, आणि वाचण्यासारख्या अपघातांत जळून मरणं जवळजवळ थांबलं. यात नवं विज्ञान काही नव्हतं. जाड रबरी कापडाची टाकी आणि तुटताना बंद होणारी झडप. युद्धाची पाच वर्षं त्याआधी उलटून गेली होती.

हुद्दा बघून यंत्र उडत नाही. कंबोडियातल्या मोहिमेचं नेतृत्व करणारे दक्षिण व्हिएतनामी जनरल दो काओ त्री २३ फेब्रुवारी १९७१ रोजी तै निन्ह भागात, हेलिकॉप्टर निघाल्यावर थोड्याच वेळात कोसळून गेले. त्यांच्याबरोबर न्यूजवीक साप्ताहिकाचे बातमीदार फ्रान्स्वा सली हेही गेले. शत्रूशी लढणारा म्हणून नाव असलेला सेनापती मोहिमेच्या मध्यावर गेला, आणि त्या मोहिमेची धार पुढे राहिली नाही.

कारण शोधायला कोणी आलंच, तर सांगाडा पुष्कळ सांगतो. पाती टोकाला तुटून दूर फेकली गेली असतील तर पंखा जोरात फिरत होता. पाती वर वाकून, दुमडून जवळच पडली असतील तर फेरे आधीच गळालेले होते. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे त्या इशाऱ्याच्या दिव्याचा बल्ब. आदळताना दिवा लागलेला असेल तर तापलेली तार मऊ असते, धक्क्याने ताणली जाऊन लांब, वेडीवाकडी होते. विझलेला असेल तर थंड तार कडक असते, ताणली न जाता तुटते. नखाएवढ्या काचेत बघून कळतं की शेवटच्या क्षणी भोंगा वाजत होता की नाही. पण बल्ब बघायला जागा सुरक्षित लागते. कित्येकदा चिनूक या मोठ्या मालवाहू हेलिकॉप्टरने सांगाडा खाली टांगून नेला, कित्येकदा शत्रूच्या हाती लागू नये म्हणून आपल्याच माणसांनी तो जाळला.

मग फॉर्मवर एक रकाना भरायचा: शत्रूमुळे, की शत्रूशिवाय. शेंड्यांवरून गोळीबार होता म्हणून वैमानिकाने काटा न वाचता यंत्र उचललं, आणि अंगावर एकही भोक नसताना ते झाडांत गेलं. याला काय म्हणायचं? बहुतेक वेळा ‘शत्रूशिवाय’. त्या युद्धात मेलेल्या ५८,००० हून अधिक अमेरिकनांपैकी दहा हजारांवर या रकान्यात आहेत. शत्रूच्या हातून जखमी किंवा ठार झालेल्यांना मिळणारं पर्पल हार्ट पदक त्यांच्या घरी जात नाही. वॉशिंग्टनमध्ये या युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ १९८२ मध्ये उभारलेल्या काळ्या भिंतीवर मात्र नावं तारखेच्या क्रमाने आहेत आणि त्यांच्यापुढे हा रकाना नाही. एका दिवसाखाली एकाच तुकडीची सात-आठ नावं सलग दिसली, तरी ती गोळीने गेली की वजनाने, ते दगडावरून कळत नाही.

जे टेकऑफ झालेच नाहीत त्यांची नोंद तर कुठेच नाही. मीटरभरावर उचललेलं ह्यूई पुन्हा खाली बसतं, क्रू चीफ दारातून एक बोट वर करतो, एक जण उतरा. सगळ्यांत शेवटी चढलेला सैनिक शिव्या देत उडी मारतो, पिशवी ओढून घेतो. हेलिकॉप्टर पुन्हा उचलतं, काटा आकड्याच्या दोन टक्के खाली थांबतो, नाक झुकतं, आणि ते धूळ मागे टाकत निघून जातं. तो तिथेच पिशवीवर बसून, तोंडात गेलेली धूळ थुंकत, पुढच्या फेरीची वाट बघतो.